ऑक्टोपसच्या मांसातील मेद कसा मोजावा आणि पोषणमूल्याचा तक्ता कसा भरावा

ऑक्टोपसच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात मेद जेमतेम एक ग्रॅम असतो, आणि त्याच्या विश्लेषणात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीत आहे. मेदाळ माशाच्या तपासणीत ०.२ ग्रॅमची चूक सहज पोटात जाते, इथे मात्र तेवढीच चूक म्हणजे उत्तराचा पाचवा हिस्सा. शिवाय हा मेद चरबीच्या साठ्याच्या रूपात नसून मुख्यतः पेशींच्या आवरणांतील फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल या रूपात असतो. त्यामुळे तेलबियांसाठी किंवा चरबीयुक्त मांसासाठी ठरलेली पद्धत जशीच्या तशी वापरली, की आकडा कमी येतो. पुढे हाच आकडा चुकीच्या गुणकाने गुणला, की तो फुगतो. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर त्या एकमेकींना झाकतात आणि तक्ता वरवर पाहता ठीक वाटतो. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

टप्पा १ : प्राण्याची नोंद

काम सुरू करण्यापूर्वी जाती, वजन, लिंग, पकडल्याचा हंगाम आणि साठवणीचा प्रकार लिहून ठेवावा. ऑक्टोपस वल्गारिस या सामान्य ऑक्टोपसची मादी अंड्यांची राखण करताना खाणे सोडते आणि तिच्या ऊतींची घडण बदलत जाते. अशी मादी नमुन्यात आली आणि नोंद नसली, तर आकड्यांतील फरकाचे कारण नंतर सापडत नाही. एकाच प्राण्यावरून तक्ता करू नये. अनेक प्राण्यांचे स्वतंत्र नमुने घ्यावेत किंवा त्यांचा एकत्रित नमुना करून तसे स्पष्ट लिहावे.

गोठवलेला माल असेल तर त्यावर बर्फाचा लेप आहे का आणि तो पॉलिफॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेला आहे का, हे वेष्टनावर पाहावे. अशा प्रक्रियेने मांसात पाणी धरले जाते आणि मेद, प्रथिने, खनिजे यांचे शंभर ग्रॅममागील सगळे आकडे खाली येतात.

टप्पा २ : खाद्यभाग वेगळा करणे

सर्वांत महागडी चूक याच टप्प्यावर होते. ऑक्टोपस मेद साठवतो तो स्नायूंत नव्हे, तर पाचकग्रंथीत. ही तपकिरी, मऊ ग्रंथी प्रावारात, म्हणजे डोक्यामागच्या पिशवीसारख्या धडात, असते आणि तिचे आवरण इतके पातळ असते की घाईत सुरी लागली तर ते फाटते आणि तेलकट गर मांसावर पसरतो. हिशेब करून पाहा. मांसात १ टक्का आणि ग्रंथीत १० टक्के मेद आहे असे मानले, तर ९८ ग्रॅम मांसात फक्त २ ग्रॅम ग्रंथी मिसळल्याने मेदाचा आकडा १.०० वरून १.१८ वर जातो. अठरा टक्क्यांची ही वाढ कोणत्याही उपकरणाने आणलेली नाही, ती सुरीने आणलेली आहे.

क्रम असा ठेवावा.

1. प्राणी गोठलेला असेल तर तो बंद पिशवीत, शीतकपाटातील तापमानाला सावकाश वितळू द्यावा आणि पिशवीत साचलेले पाणी फेकू नये.
2. प्रावार उलटा करून पाचकग्रंथी, शाईची पिशवी आणि बाकीची आतडी अखंड उचलावीत.
3. चोच आणि डोळे काढावेत.
4. मांस थंड पाण्याने झटकन धुवावे, लगेच टिपून कोरडे करावे आणि वजन घ्यावे.

धुताना मांस पाण्यात भिजत ठेवू नये, कारण त्यातून विद्राव्य घटक निघून जातात. मीठ लावून चोळणे हा स्वयंपाकाचा भाग आहे, विश्लेषणाचा नव्हे.

त्वचा आणि चूषक (भुजांवरील चिकटणाऱ्या वाट्या) ठेवायचे की काढायचे, हा निर्णय आधीच घ्यावा. हे भाग सहसा खाल्ले जातात, त्यामुळे माझ्या मते ते ठेवावेत. मात्र काही प्राण्यांत ठेवले आणि काहींत काढले, असे होऊ देऊ नये. भुजांचा नमुना घेताना प्रत्येक भुजेचा बुंध्याचा, मधला आणि टोकाचा तुकडा घ्यावा, कारण बुंध्याशी स्नायू जाड असतो, तर टोकाकडे त्वचा आणि चूषकांचे प्रमाण वाढत जाते.

*इशारा :* कॅडमियमसारखे जड धातूही याच पाचकग्रंथीत साचतात. ग्रंथीचे नमुने वेगळ्या भांड्यात, वेगळ्या सुरीने हाताळावेत.

*तपासणी :* काढलेले भाग, खाद्यभाग आणि वितळलेले पाणी यांच्या वजनांची बेरीज सुरुवातीच्या वजनाशी जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : एकजीव करणे

ऑक्टोपसच्या मांसात कोलॅजनचे धागे दाट विणलेले असतात. साध्या मिश्रकात ताजे मांस टाकले तर ते पात्याभोवती गुंडाळले जाते, भांडे तापते आणि बाहेर येणाऱ्या लगद्यात न फुटलेले रबरी तुकडे राहतात. या तुकड्यांच्या आत द्रावक पोचत नाही, आणि भांडे तापल्यामुळे अतिअसंतृप्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण सुरू होते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे मांसाचे साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करून ते कडक गोठवावेत आणि द्रवरूप नायट्रोजन किंवा कोरड्या बर्फासोबत दळावेत. मिळणारी पूड भरड रव्यापेक्षा बारीक असावी आणि तिच्यात धागे दिसू नयेत. कोरडा बर्फ वापरला असेल तर तो पूर्ण उडून गेल्याशिवाय वजन घेऊ नये, आणि तोवर भांड्याचे झाकण घट्ट लावू नये. वितळताना साचलेले पाणी दळण्यापूर्वीच मांसात परत मिसळावे, अन्यथा आर्द्रतेचा आकडा खोटा ठरतो.

पूड लगेच वापरायची नसेल तर छोट्या हवाबंद कुप्यांत, नायट्रोजन भरून, उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावी. उणे २० अंशांवर विकरे (एन्झाइम) पूर्ण थांबत नाहीत. ती फॉस्फोलिपिड तोडत राहतात आणि मुक्त मेदाम्ले वाढत जातात.

टप्पा ४ : आर्द्रता

आर्द्रता मेदाच्या आधी मोजावी, कारण पुढील टप्प्यातील पाण्याचे प्रमाण तिच्यावरच ठरते. ३ ते ५ ग्रॅम पूड १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी. वाळवलेला हा भाग मेदाम्लांसाठी पुन्हा वापरू नये. कच्च्या मांसाची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास अपेक्षित आहे. ती बरीच वर गेली असेल तर टप्पा १ मधील वेष्टनाची नोंद पुन्हा वाचावी.

टप्पा ५ : मेद काढणे

सॉक्सलेट उपकरणात पेट्रोलियम ईथर किंवा हेक्झेनने मेद काढणे ही सवयीची पद्धत आहे आणि ऑक्टोपससाठी ती चुकीची आहे. ही द्रावके अध्रुवीय आहेत. ती साठ्याची चरबी चांगली विरघळवतात, पण प्रथिनांना चिकटलेले फॉस्फोलिपिड पूर्ण सोडवत नाहीत. ज्या मांसात मेदाचा मोठा वाटा फॉस्फोलिपिडांचाच आहे, तिथे नेमका तोच मागे राहतो.

योग्य पर्याय म्हणजे ब्लाय आणि डायर यांची १९५९ मधील क्लोरोफॉर्म-मिथेनॉल पद्धत. ती कॉड माशाच्या मांसावर बसवली गेली होती. त्या मांसात सुमारे ८० टक्के पाणी आणि १ टक्का मेद असतो, म्हणजे ती जवळजवळ ऑक्टोपससाठीच बेतल्यासारखी आहे.

१० ग्रॅम कच्च्या पुडीसाठी कृती :

1. १० मिलीलीटर क्लोरोफॉर्म आणि २० मिलीलीटर मिथेनॉल घालून दोन मिनिटे घुसळावे. नमुन्यातील ८ मिलीलीटर पाणी धरून क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांचे प्रमाण १ : २ : ०.८ होते आणि द्रव एकसंध राहतो.
2. आणखी १० मिलीलीटर क्लोरोफॉर्म घालून अर्धा मिनिट घुसळावे.
3. १० मिलीलीटर पाणी घालून पुन्हा अर्धा मिनिट घुसळावे. आता प्रमाण २ : २ : १.८ होते आणि दोन थर पडतात.
4. गाळावे किंवा अपकेंद्रित्रात फिरवावे. खालच्या क्लोरोफॉर्मच्या थराचे आकारमान मोजून लिहावे आणि त्यातील ठरावीक भाग, उदाहरणार्थ १० मिलीलीटर, वजन केलेल्या कुपीत घ्यावा.
5. ४० अंशांच्या आत, नायट्रोजनच्या झोतात, वजन स्थिर होईपर्यंत द्रावक उडवावे.

यातील पाण्याचे गणित बहुतेक जण विसरतात. शिजवलेल्या मांसात पाणी ६० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे १० ग्रॅममध्ये सुमारे ६ मिलीलीटर, आणि पहिल्या पायरीत २ मिलीलीटर पाणी वरून घालावे लागते. गोठवून वाळवलेल्या २ ग्रॅम पुडीला तर जवळजवळ संपूर्ण ८ मिलीलीटर पाणी द्यावे लागते. पाणी ठरल्यापेक्षा जास्त झाले तर द्रव अकाली दुभंगतो आणि मेद अर्धवट सुटतो.

दोन थरांच्या मध्ये प्रथिनांची पांढरी चकती तयार होते. ती कधी कधी फेसाळ पायसासारखी (इमल्शनसारखी) पसरते आणि थर वेगळे होत नाहीत. अशा वेळी तिसऱ्या पायरीत साध्या पाण्याऐवजी ०.८८ टक्के पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण वापरावे. जोराने हलवल्याने पायस आणखी घट्ट होते.

ऑक्सिडीकरण टाळण्यासाठी क्लोरोफॉर्ममध्ये ०.०१ टक्के बीएचटी हे ऑक्सिडीकरणरोधक घालतात. २० मिलीलीटर क्लोरोफॉर्ममध्ये ते २ मिलिग्रॅम होते, म्हणजे १० मिलीलीटर भागात १ मिलिग्रॅम. त्या भागात ऑक्टोपसचा मेद ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणून नुसत्या बीएचटीमुळे आकडा दोन टक्के वाढू शकतो. नमुना न घालता केलेली कोरी चाचणी दर वेळी करावी आणि तिचे वजन वजा करावे.

*इशारा :* क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल दोन्ही विषारी आहेत. हे काम धूरशोषक कक्षातच करावे. ते शक्य नसेल तर हेक्झेन आणि आयसोप्रोपेनॉल यांचे ३ : २ मिश्रण हा कमी घातक पर्याय आहे.

*तपासणी :* तीन समांतर नमुन्यांचे निष्कर्ष जवळजवळ यावेत. एक आकडा दूर गेला असेल तर बहुधा त्या कुपीत दळण नीट झालेले नाही किंवा ग्रंथीचा अंश आलेला आहे.

टप्पा ६ : मिथाइल एस्टर तयार करणे

मेदाम्ले वायू-क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजण्यासाठी त्यांचे मिथाइल एस्टर करावे लागतात. सुमारे २५ मिलिग्रॅम मेद घेऊन त्यात सर्वप्रथम अंतर्गत मानक, म्हणजे नमुन्यात नसलेले एखादे मेदाम्ल ज्ञात वजनात, मोजून घालावे. ते नंतर घातले तर प्रक्रियेतील तूट त्यात दिसत नाही. १७:० (१७ कार्बन, शून्य दुहेरी बंध) हे मेदाम्ल सागरी प्राण्यांत नैसर्गिकरीत्या असते, म्हणून ते मानक म्हणून चालत नाही. १९:० घ्यावे. २३:० घेणार असाल तर ते तुमच्या क्रोमॅटोग्राफच्या स्तंभावर २०:४ आणि ईपीए (२०:५, एक ओमेगा-३ मेदाम्ल) यांच्या आलेखातील शिखरांवर चढत नाही ना, हे आधी पाहावे.

त्यानंतर ०.५ नॉर्मल मिथेनॉली सोडियम हायड्रॉक्साईड १.५ मिलीलीटर घालून १०० अंशांवर पाच मिनिटे तापवावे. थंड झाल्यावर १२ ते १४ टक्के बोरॉन ट्रायफ्लोराईड-मिथेनॉल २ मिलीलीटर घालून पुन्हा १०० अंशांवर तीस मिनिटे ठेवावे. शेवटी आयसोऑक्टेन आणि संपृक्त मिठाचे पाणी घालून वरचा थर घ्यावा. कुपीचे झाकण घट्ट हवे. ते सैल असेल तर मिथेनॉल उडून जाते आणि प्रक्रिया अर्धवट राहते.

केवळ अल्कलीने एस्टर करण्याचा झटपट मार्ग इथे घेऊ नये. त्याने मुक्त मेदाम्लांचे एस्टर होत नाहीत, तसेच स्फिंगोलिपिडांत अमाइड बंधाने जोडलेली मेदाम्लेही सुटत नाहीत.

टप्पा ७ : क्रोमॅटोग्राम वाचणे

ऑक्टोपसमध्ये पामिटिक (१६:०), स्टिअरिक (१८:०), अॅरॅकिडोनिक (२०:४), ईपीए (२०:५) आणि डीएचए (२२:६, हेही ओमेगा-३) यांची शिखरे ठळक असतात. १६:० आणि १८:० यांच्या किंचित आधी मात्र आणखी काही शिखरे दिसतात आणि ती घाईने संतृप्त मेदाम्लांत मोजली जातात. ती मेदाम्ले नव्हेत. ऑक्टोपसच्या फॉस्फोलिपिडांत प्लाझ्मालोजेन (एक साखळी मेदाम्लाऐवजी ईथर बंधाने जोडलेले फॉस्फोलिपिड) असतात आणि आम्ल माध्यमात त्यांच्यापासून डायमिथाइल असिटाल तयार होतात, त्यांची ही शिखरे आहेत. ती वेगळी नोंदवावीत आणि मेदाम्लांच्या बेरजेत धरू नयेत. बीएचटीचेही स्वतंत्र शिखर येते. कोऱ्या चाचणीचा आलेख शेजारी ठेवला की ते लगेच ओळखू येते.

टप्पा ८ : टक्केवारीवरून मिलिग्रॅम

आता जो टप्पा येतो, त्यात प्रयोगशाळेतील काम उत्तम करणारेही घसरतात. क्रोमॅटोग्राफ देतो ती एकूण मेदाम्लांतील टक्केवारी. ती खाणाऱ्याच्या ताटातील प्रमाण सांगत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यात सामान्य ऑक्टोपसच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात एकूण मेद १.०४ ग्रॅम आहे. त्यात संतृप्त ०.२२७, एक-असंतृप्त ०.१६२ आणि बहु-असंतृप्त ०.२३९ ग्रॅम आहेत. या तिघांची बेरीज ०.६२८ येते, १.०४ नव्हे. उरलेले ०.४१ ग्रॅम ही तक्त्यातील चूक समजून कोणी आकडे ताणून जुळवतात. तसे करू नये. फॉस्फोलिपिडांतील ग्लिसरॉल, फॉस्फेट आणि नत्रयुक्त गट, तसेच कोलेस्टेरॉल हे सर्व एकूण मेदात येतात, पण मेदाम्लांत येत नाहीत.

अंतर्गत मानक नसेल आणि एकूण मेदावरून मेदाम्ले काढायची असतील, तर मृदुकाय प्राण्यांसाठीचा गुणक वापरावा : ०.९५६ − (०.२९६ ÷ शंभर ग्रॅममधील एकूण मेद). १.०४ ग्रॅमसाठी हा गुणक ०.६७ येतो आणि मेदाम्ले सुमारे ०.७० ग्रॅम. तेलांसाठीचा ०.९५६ हा गुणक तसाच लावला, तर उत्तर ०.९९ ग्रॅम येते, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक फुगलेले.

आता ईपीए आणि डीएचए पाहू. त्याच तक्त्यात ते अनुक्रमे ७६ आणि ८१ मिलिग्रॅम आहेत, एकूण १५७ मिलिग्रॅम. ६२८ मिलिग्रॅम मेदाम्लांत त्यांचा वाटा बरोबर २५ टक्के होतो. ज्या मेदाळ माशात ९ ग्रॅम मेदाम्ले आहेत आणि त्यांत या दोघांचा वाटा १८ टक्केच आहे, असा मासा शेजारी ठेवला, तर टक्केवारीत ऑक्टोपस सरस दिसेल, पण त्या माशात प्रत्यक्ष प्रमाण १,६२० मिलिग्रॅम, म्हणजे दहा पटींहून अधिक असेल. म्हणून दोन्ही रकाने द्यावेत आणि तुलना नेहमी मिलिग्रॅमच्या रकान्यावरच करावी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी दिलेले दररोज २५० मिलिग्रॅमचे मान गाठायला सुमारे १६० ग्रॅम कच्चे मांस लागते. ऑक्टोपसचा मेद दर्जेदार आहे, पण थोडा आहे, आणि तक्त्यातून या दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत.

*तपासणी :* मोजले ते मिथाइल एस्टर, लिहायची आहेत ती मेदाम्ले. पामिटिकसाठी ०.९४८, ईपीएसाठी ०.९५६ आणि डीएचएसाठी ०.९५९ या गुणकांनी रूपांतर केले का, ते पाहावे.

टप्पा ९ : प्रथिने, कर्बोदके आणि ऊर्जा

नत्र मोजून ६.२५ ने गुणले की प्रथिने मिळतात, पण ऑक्टोपसच्या मांसात बीटेन, टॉरीन, ऑक्टोपिन आणि मुक्त अमिनो आम्ले यांतही नत्र असते, त्यामुळे हा आकडा खऱ्या प्रथिनांपेक्षा वरच येतो. त्याला ढोबळ प्रथिने म्हणावे.

त्याच तक्त्यातील कच्च्या मांसाचे पाणी ८०.२५, प्रथिने १४.९१, मेद १.०४, राख १.६० आणि कर्बोदके २.२० ग्रॅम यांची बेरीज तंतोतंत १०० होते. म्हणजे कर्बोदके मोजलेली नाहीत, वजाबाकीने काढलेली आहेत, आणि बाकी चार घटकांतील सर्व चुका त्या रकान्यात जमा होतात. तुमच्या वजाबाकीत ऋण आकडा किंवा ५ ग्रॅम आले, तर तो ग्लायकोजेनचा शोध नसून आर्द्रता किंवा प्रथिने यांच्या मोजणीतला दोष आहे, असे समजून मागे जावे.

ऊर्जेचेही तसेच. ४, ९, ४ हे नेहमीचे गुणक लावले तर ७८ किलोकॅलरी येतात, तर तक्त्यात ८२ आहेत. तिथे ४.२७, ९.०२ आणि ४.११ हे जलचरांसाठीचे गुणक वापरलेले आहेत. कोणतेही घ्या, पण कोणते घेतले ते लिहा.

टप्पा १० : शिजवलेल्या मांसाचा हिशेब

उकडल्यावर मेद २.०८, प्रथिने २९.८२ ग्रॅम आणि कोलेस्टेरॉल ४८ वरून ९६ मिलिग्रॅम होते, हे पाहून शिजवल्याने पोषण दुप्पट होते असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात पाणी जाऊन वजन निम्मे झालेले असते. आकडे इतके नेमके दुप्पट आहेत की ते स्वतंत्र मोजणीचे नसून गणिताने काढलेले असावेत, असे मला वाटते. म्हणून स्वतः मोजताना शिजवण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन घेणे अनिवार्य समजावे आणि खरी धारणा काढावी : शिजलेल्या सर्व मांसातील घटक भागिले कच्च्या सर्व मांसातील घटक, गुणिले शंभर.

१ किलो मांस शिजून ५०० ग्रॅम झाले असे धरू. ब-१२ जीवनसत्त्व कच्च्या १०० ग्रॅममध्ये २० आणि शिजलेल्यात ३६ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे २०० पैकी १८० उरले, धारणा ९० टक्के. लोह ५.३ वरून ९.५४ मिलिग्रॅमवर गेले, तिथेही ९० टक्केच. मेदाची धारणा १०० टक्के. रकान्यात वाढ दिसत असली तरी भांड्यातल्या पाण्यात काहीतरी गेलेले आहे, हे असेच कळते. तळलेल्या मांसात बाहेरचे तेल शिरते आणि डीएचएची टक्केवारी कोसळते, पण मिलिग्रॅममध्ये तितकी घट नसते. तिथे तर टक्केवारीचा रकाना एकटा कधीच देऊ नये.

टप्पा ११ : तक्त्यातील नोंद

प्रत्येक ओळीसमोर जाती, शरीराचा भाग, त्वचेसह की त्वचेविना, कच्चे की शिजवलेले, आर्द्रता, मेद काढण्याची पद्धत, एस्टर करण्याची पद्धत आणि नमुन्यांची संख्या लिहावी. एकूण मेद आणि मेदाम्लांची बेरीज हे दोन वेगळे रकाने ठेवावेत. कोलेस्टेरॉल मिलिग्रॅममध्ये स्वतंत्र द्यावे, आणि ते इतर शीर्षपादांवरून (स्क्विडसारख्या प्राण्यांवरून) उसने घेऊ नये. त्याच तक्त्यात कच्च्या स्क्विडमध्ये ते २३३ मिलिग्रॅम आहे, ऑक्टोपसच्या जवळजवळ पाचपट. मेदाचा आकडा दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत पुरे. तिसरे स्थळ लिहायचे असेल तर समांतर नमुन्यांतील फरक त्याला आधार देतो का, ते आधी पाहावे.